डावीकडून तिसऱ्याचा टोप

आश्विन लागला की माझ्या हातांना चिंचेचा वास येऊ लागतो. खंडेनवमीच्या आधी घरातली शस्त्रं घासून ठेवायची, हे काम आमच्याकडे माझं. शस्त्रं म्हणजे तरी काय, एक तलवार, जी आता म्यानातून निघायला राजी नसते; एक भाल्याचं पातं; आणि एक टोप. तलवार आणि पातं पणजोबांच्या वेळचं. टोप मात्र माझ्या पप्पांनी बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या घराच्या मागच्या ओट्यावर बसून केलेला, मी अकरावीत होते तेव्हा. तो कधी कुठल्या लढाईला गेला नाही. तरी घासताना मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवते.

बाहेर सोसायटीच्या चौकात मंडपाचे बांबू उतरत असतात. बडोद्यात या दिवसांत दुपारचं ऊन चांगलंच चावतं आणि संध्याकाळ झाली की कुठून तरी गारवा येतो. मुली घागऱ्यांची आरसेकामं दुरुस्त करत गॅलऱ्यांतून बसलेल्या असतात. वरच्या मजल्यावरच्या बेन ओरडून विचारतात, "केम मीनलबेन, तैयारी थई गई?" मी हात वर करून चिंचेचा कोळ दाखवते. त्या हसतात. मराठ्यांचं हे काय खूळ आहे, ते त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं आहे.

ज्या आश्विनाबद्दल मला सांगायचं आहे, तो केबल आल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा. देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रं म्हणत होती. आमच्यासाठी ती उघडली जिग्नेशभाईंच्या पुढच्या खोलीतून. जिग्नेशभाई आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. त्यांच्या खोलीतून निघालेली काळी वायर गच्च्यांवरून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून सोसायटीतल्या प्रत्येक घरात शिरली होती. परदेशी चॅनेल तर होतेच, पण दुपारी जिग्नेशभाई स्वतःच्या व्हीसीआरवर एखादी कॅसेट लावायचे आणि सगळी सोसायटी तोच सिनेमा बघायची. एका दुपारी त्यांनी एक जुना, काळापांढरा ऐतिहासिक सिनेमा लावला. तो जेव्हा आला होता तेव्हाही फारसा चालला नव्हता. पण आमच्या घरात त्या सिनेमाला देवासारखं स्थान होतं, कारण त्यात आबा होते.

आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते, चंद्री ही त्यांची घोडी. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि आबा पुढची सगळी वर्षं एका गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला उभे राहिले. या दोन नोकऱ्यांच्या मधे त्यांच्या आयुष्यात आठ दिवसांचा सिनेमा आला. कंपनी शूटिंगला बडोद्याजवळच्या माळावर आली होती, त्यांना घोड्यावर नीट बसणारी माणसं हवी होती, आणि मोडलेल्या रिसाल्यातली माणसं आणि घोडे हवे तेवढे मिळाले. "टेकडीवरून नऊ घोडे उतरतात बघ. डावीकडून तिसरा मी," हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. चेहरा मात्र दिसत नाही, असंही ते लगेच सांगत. नाकावर पट्टी, गालांवर साखळ्यांची जाळी. दिसतो तो फक्त टोप.

त्या वर्षी आबांचा एक डोळा काचबिंदूने गेला होता आणि दुसरा चालला होता. डॉक्टरांनी पप्पांना स्पष्टच सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही. आबांना टीव्ही म्हणजे नुसता हलणारा उजेड दिसायचा. हातात धरून डोळ्याजवळ आणलेली वस्तू मात्र अजून दिसायची. पितृपक्षात एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "तो टोप एकदा परत बघायला मिळाला असता ने, तर बस." एवढंच. परत भात मागितला. पण पप्पांचा हात ताटात थांबला होता, ते मी पाहिलं.

पप्पा कोयलीला रिफायनरीच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचे. दुसऱ्याच रविवारी त्यांनी भंगारबाजारातून चांगला पत्रा आणि थोडं पितळ आणलं आणि मला म्हणाले, "ड्रॉइंग तू कर. तुझी रेघ सरळ येते." मला त्या वयात याहून मोठी पदवी नको होती. मी त्या वेळी भारी काटेकोर होते. आईच्या पोळ्यांचा व्यास मोजणारी मुलगी मी. आज पोरांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते, त्यात नवल काहीच नाही.

टोप कसा होता, हे तीन ठिकाणी विचारता येत होतं आणि तिन्ही ठिकाणी तो वेगळा होता. आबांच्या सांगण्यात तो पोलादाचा, पावशेर पितळेच्या वेलबुट्टीचा, वर असा तुरा की वारा सुटला की शिट्टी वाजायची. बडोद्यातच, अकोट्याला, माझी आत्या राहायची. तिचे यजमान, आमचे अकोट्याचे काका, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की असला टोप आपल्याकडे कुणी घालतच नव्हतं, सिनेमावाल्यांनी चार देशांचे चार तुकडे जोडून ते सोंग उभं केलेलं आहे, आणि टोप करायचाच असेल तर ते स्वतः आपल्याकडचे संदर्भ देतील, त्याप्रमाणे करावं. आबा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, इतिहास तुम्ही सांभाळा. मी घातला होता तो मला द्या." उरला सिनेमा. तो खोटं बोलणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

मग मी जिग्नेशभाईंना गळ घातली. त्यांनी कॅसेट पुन्हा लावायची, नऊ घोडे टेकडीवर आले की थांबवायची, आणि मी आमच्या टीव्हीच्या काचेवर बटर पेपर चिकटवून तिसऱ्या स्वाराचा टोप उतरवून घ्यायचा, असं ठरलं. आई गॅलरीत उभी राहिली, समोरच्या खिडकीत जिग्नेशभाई. चित्र थांबलं. थांबलं म्हणजे आमच्याकडे थांबलं तसं साऱ्या सोसायटीत थांबलं. दोन मिनिटं लोकांनी वाट पाहिली. मग एकेक खिडकी उघडायला लागली.

"अरे, आ घोडा केम ऊभा रही गया?"

"जिग्नेशभाई, ऊंघी गया के शुं?"

"हजी रहेवा दो! थोडी वार!" आई गॅलरीतून ओरडत होती, आणि खिडकीतून जिग्नेशभाई काकुळतीला येऊन, "बेन, हेड घसाई जशे मारुं!" व्हीसीआरचं हेड झिजेल, ही त्यांची भीती. मी आत घामाघूम. थांबवलेलं चित्र थरथरत होतं, नेमक्या कपाळावर एक पांढरा पट्टा नाचत होता, आणि मी जीभ दाताखाली धरून रिबिटं मोजत होते. दहा मिनिटं समाच्या चाळीस घरांनी माझ्या आजोबांचं पथक बघितलं. तेवढा वेळ त्या सिनेमाला कुणी थिएटरातही दिला नसेल.

मी त्यावरून मापं वाढवली आणि मोठ्या दिमाखात ड्रॉइंग पप्पांपुढे ठेवलं. पप्पांनी आधी जाड कागदाचा नमुना केला, तो आबांच्या डोक्यावर ठेवला, आणि टोप थेट खांद्यांपर्यंत उतरला. आबा आतून म्हणाले, "हे पातेलं कुणाचं?" त्या काळच्या टीव्हीची काच फुगीर असायची. फुगीर काचेवर सपाट कागद चिकटवला की चित्र मधे एक, कडेला एक. ही गोष्ट माझ्या काटेकोर डोक्यात शिरलीच नव्हती. पप्पा पोट धरून हसले, मग त्यांनी आईची कपडे शिवायची टेप आणून आबांच्या डोक्याचं माप घेतलं. मी दोन दिवस फुगून बसले. खरं तर मी त्यांचे आभार मानायला हवे होते, कारण मोजमाप कशावरून घेतलंय ते आधी बघ, हे मला कुठल्याही प्राध्यापकाने पुढे इतकं नीट शिकवलं नाही.

नंतरचे पंधरा दिवस मला आजही ऐकू येतात. पप्पा कामावरून यायचे, चहा प्यायचे आणि उजेड असेपर्यंत मागच्या ओट्यावर बसायचे. लाकडी ठोकळ्यावर पत्रा, त्यावर मोगरीचे, म्हणजे लाकडी हातोड्याचे, हळू हळू ठोके. सपाट पत्रा वाटीसारखा खोल होत जाताना बघणं ही किती सुखाची गोष्ट आहे, ती ज्याने पाहिली त्यालाच कळेल. आबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. दिसायचं नाही, पण ठोक्याचा आवाज बदलला की म्हणायचे, "पातळ झाला तिथे. थांब." आणि पप्पा थांबायचे. बापलेक एरवी फार बोलणारे नव्हते. इतका वेळ एकमेकांशेजारी बसलेले मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

माझ्या लक्षात एक गोष्ट येत होती. सिनेमातला टोप जरा कललेला होता, त्याची वेलबुट्टी एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ. पप्पांच्या हातून ते होईना. ज्या माणसाने आयुष्यभर पत्र्यातला बाक काढला, त्याला बाक घालता कसा यावा? "पप्पा, इकडे चार पानं आहेत, तिकडे सहा," मी बटर पेपर नाचवत सांगायचे. "कारागिराची चूक असेल ती," पप्पा म्हणायचे, आणि दोन्हीकडे सहा-सहा पानं काढायचे.

परवाचीच गोष्ट. माझी मुलगी कुठल्याशा परदेशी सिनेमातलं शिरस्त्राण मागवणार होती आणि त्यावरून जगभरच्या लोकांशी कॉम्प्युटरवर तिचं भांडण चाललं होतं. मी विचारलं, भांडण कशाचं? तर म्हणे, मूळ टोप घाईत हाताने केलेला, त्याचा एक डोळा मोठा आहे, एक बारीक. विकणारे दोन्ही डोळे सारखे करून विकतात, आणि लोकांना तेच आवडतं, कारण सगळ्यांच्या आठवणीत तो तसाच आहे. "मला नको सुधारलेला," ती म्हणाली. "मला वाकडाच हवा." मी हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत राहिले. हा वाद आमच्या मागच्या ओट्यावर होऊन गेलाय, हे तिला कुठून ठाऊक असणार.

पाचव्या माळेला टोप तयार झाला. काय झाला होता म्हणून सांगू! पितळेची पट्टी अशी झळकत होती की आईने त्यात बघून कुंकू नीट केलं. पप्पांनी तो दोन्ही हातांनी आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी तो डोळ्याजवळ नेला, फिरवला, मागून पुढून चाचपला. डाव्या कानाच्या वर त्यांचा अंगठा दोनदा गेला आणि परत आला.

"सरस," ते म्हणाले. "एकदम सरस झालाय. पण हा माझा नाही."

पप्पांचा चेहरा माझ्याने बघवेना. पंधरा दिवस त्या माणसाने पाठ वर केली नव्हती. मला असा राग आला की तोंडाचा ताबा सुटला. "तुमचाच आहे, आबा! मी मोजून काढलाय. आणि खरं सांगू? डावीकडून तिसऱ्यावर तुम्ही नाहीच आहात. तुमची चंद्री काळी होती ना? तो घोडा पांढराशुभ्र आहे. दहा मिनिटं बघत होते मी."

ही गोष्ट मला त्या दुपारीच दिसली होती आणि मी ती गिळून टाकली होती. आता ती अशी बाहेर पडली. आई म्हणाली, "मीनल!" आबांनी टोप हळूच खाली ठेवला. "पांढरा?" त्यांनी विचारलं, आणि उठून भिंत चाचपत आत गेले.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात चमचा पडला तरी दचकायला व्हायचं. आबा जेवत होते, औषधाचे थेंब घालून घेत होते, पण बोलत नव्हते. चौकात गरब्याचे ढोल वाजत होते आणि मी कारण सांगून घरीच बसत होते. मला एकच दिसत होतं: या माणसाकडे रिसाला उरला नाही, घोडी उरली नाही, आता डोळे जातायत, उरला होता तो डावीकडून तिसरा, तोही मी पुसून टाकला. आणि तो खोटा होता म्हणून पुसला, याचं मला काही समाधान वाटेना. खरं बोलल्याचं समाधान वाटत नाही, हा अनुभव मला नवा होता.

अष्टमीच्या सकाळी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते. आबा वर छताकडे तोंड करून म्हणाले, "मिने, तू कुठून मोजलंस?"

"डावीकडून."

"कुणाच्या डावीकडून?"

"म्हणजे? टीव्हीच्या. आपल्या."

"आणि घोडे कुठे तोंड करून येतायत?"

मी बाटली हातात धरून उभीच राहिले. घोडे आपल्याकडे येतायत. त्यांची डावी बाजू आपल्या उजवीकडे. रिसाल्यातला माणूस रांग मोजतो ती रांगेत उभा राहून. तो बघणाऱ्याच्या जागी कधी जाऊन उभा राहिलेलाच नसतो. इतकी वर्षं आमचं सगळं घर भलत्याच माणसाकडे बोट दाखवून 'ते आमचे आबा' म्हणत होतं, आणि आबांना त्याचा पत्ता नव्हता.

मी तशीच अनवाणी जिग्नेशभाईंकडे पळाले. सोसायटीची वायर काढून त्यांनी त्यांच्या छोट्या टीव्हीवर कॅसेट लावली. उजवीकडून तिसरा. काळी घोडी, कपाळावर चंद्र. वरचा स्वार असा बसलेला की बाकी आठ जण नुसते घोड्यावर ठेवल्यासारखे वाटावेत. आणि त्याच्या टोपाला डाव्या कानाच्या वर हा एवढा पोचा. उन्हात बाकीचे टोप चमकत होते, आणि याच्या एका बाजूला सावली साचली होती. "ए ज दादा?" हेच का आजोबा, असं जिग्नेशभाईंनी विचारलं. मी काचेवर त्या पोच्यावर बोट ठेवलं.

घरी येऊन मी पोच्याबद्दल विचारलं तेव्हा आबा चक्क लाजले. दुपारच्या सुट्टीत चंद्रीला तहान लागली होती आणि बादल्या लांब होत्या. त्यांनी टोप काढला, त्यात पाणी भरलं आणि तिच्यापुढे धरला. घोडीने तोंड घातलं, मान उडवली, टोप दगडावर. टोप कसला पोलादाचा, डब्याच्या पत्र्याचा होता तो. कपडेपटाचा माणूस त्यांना सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला. "रिसाल्याच्या माणसाने सामान खराब केलं," आबा म्हणाले. "हे काय घरी सांगायचं? म्हणून टोप सांगितला, पोचा नाही सांगितला." इतक्या वर्षांत तो टोप सांगता सांगता पोलादाचा झाला होता, आणि त्यांच्या अंगठ्याला मात्र तो पोचा पाठ होता.

पप्पा दारात उभे राहून ऐकत होते. ते मागे गेले आणि टोप ठोकळ्यावर ठेवून समोर बसून राहिले. मी गेले तर मोगरी हातात तशीच. "नाही होत गं माझ्याने," ते म्हणाले. मग आबाच आले, भिंत धरत. "दे इकडे," म्हणाले. डावा अंगठा जागेवर ठेवला, उजव्या हाताने मोगरी घेतली, अंगठा काढला आणि एकच ठोका दिला. पप्पांनी डोळे मिटले होते. पंधरा दिवसांच्या कामाला पोचा पडला, आणि आबा मोठ्याने हसले. मग पप्पाही हसले. मला तर रडू आवरेना, पण ते चांगलं रडू होतं.

नवमीला पूजा झाली. अकोट्याचे काका आणि आत्या आले होते. काकांनी टोपाला हळदकुंकू वाहिलं आणि संदर्भांबद्दल चकार शब्द काढला नाही. याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "आरसा आण." मी आईचा हातात धरायचा छोटा आरसा आणला आणि त्यांना खिडकीशी उजेडात बसवलं. पप्पांनी टोप त्यांच्या डोक्यावर चढवला, तुरा सरळ केला. आबांनी आरसा उरलेल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. आरसा थोडा इकडे, थोडा तिकडे नेत, तुकड्यातुकड्याने ते स्वतःला बघत होते. बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं.

मी माफी मागायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यही तयार होतं. "आबा, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं," मी म्हटलं.

त्यांनी आरसा खाली घेतला नाही. "नको कसं?" ते म्हणाले. "तू बोलली नसतीस तर त्या पांढऱ्या घोड्यावरच्या माणसाचा टोप घालून बसलो असतो ने मी. तू नीट बघितलंस, म्हणून मी सापडलो."

मग पप्पांचा हात शोधून त्यांनी तो धरला आणि धरूनच ठेवला.

संक्रांतीपर्यंत तो डोळाही गेला. त्यानंतर आबा सात वर्षं होते. त्यांनी स्वतःला शेवटचं पाहिलं ते त्या खिडकीत, आणि त्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले होते.